पीएमएम२ जनुकाचा अहवाल: एका एक्सोम चाचणीच्या सेवेचे परीक्षण

ज्या सेवेविषयी लिहीत आहे ती म्हणजे एका खासगी जनुकीय प्रयोगशाळेची एक्सोम सिक्वेन्सिंग चाचणी, म्हणजे जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचून त्यांतले बदल शोधणारी तपासणी. आमच्या मुलीसाठी ती आम्ही गेल्या वर्षी करून घेतली. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या या एकाच ठिकाणच्या असतील असे मला वाटत नाही, आणि नाव दिले की चर्चा भलतीकडे जाते. चाचणीचे २२,००० रुपये आगाऊ भरले, चार आठवड्यांत अहवाल देऊ असे सांगितले होते आणि तो एकतिसाव्या दिवशी आला. जनुक वाचण्याचे काम या प्रयोगशाळेने चोख केले, त्या वाचनाचा अर्थ लावण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी आमच्यावर सोडले. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन, आणि ते साडेतीन का याचे स्पष्टीकरण थोडे लांब आहे.

मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. ती आधाराशिवाय बसत नव्हती, अंग सैल होते, डावा डोळा तिरळा होता आणि वजन वाढत नव्हते. यकृताच्या विकरांचे प्रमाण दर तपासणीत वाढलेले दिसत होते आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नव्हते. मेंदूच्या एमआरआयमध्ये लहान मेंदू अपेक्षेपेक्षा लहान दिसला. आमच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी तिला पालथी करून कमरेखालच्या भागावर साचलेली चरबीची विचित्र गादी पाहिली, स्तनाग्रे आत ओढलेली आहेत हे पाहिले, आणि म्हणाले, "प्रथिनांना साखर जोडण्याच्या प्रक्रियेतला दोष असू शकतो, जनुकीय तपासणी करून घ्या." मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुलात प्रथिनांना शर्करा जोडल्या जातात, हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो आणि त्यापुढे कधी गेलो नव्हतो.

नमुना घ्यायला तंत्रज्ञ घरी आला. जांभळ्या झाकणाच्या नळीत तीन मिलिलिटर रक्त घ्यायला त्याला एकच टोच पुरली, आणि इतक्या लहान मुलाच्या बाबतीत हे कौतुकास्पद आहे. त्याच्याकडच्या अर्जात पालकांच्या नातेसंबंधाचा रकाना होता. तो वाचून त्याने जरा संकोचाने विचारले, "सर, तुम्ही दोघं नात्यातले का? म्हणजे मामाची मुलगी वगैरे?" आपल्याकडे हा प्रश्न आवश्यकच आहे आणि त्याने तो साध्या शब्दांत विचारला हे मला आवडले. आम्ही नात्यातले नाही. संमतिपत्र मात्र सात पानांचे आणि पूर्णपणे इंग्रजीत होते. ज्या आजाराचा शोध घेतला जात आहे त्याच्याशी संबंध नसलेली माहिती निघाली तर ती कळवायची की नाही, हा त्यातला सर्वांत गंभीर प्रश्न पाचव्या पानावर एका चौकोनात बरोबरची खूण करण्यापुरता उरला होता. माझ्या सासूबाईंना तो समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मराठी संमतिपत्र देणे या प्रयोगशाळेला अवघड नसावे.

अहवाल नऊ पानांचा होता आणि महत्त्वाचे सगळे पहिल्या पानावरच्या एका तक्त्यात होते. जनुक पीएमएम२. ते सोळाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते, त्याचे आठ एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) आहेत आणि त्यावरून तयार होणारे विकर २४६ अमिनो आम्लांचे असते. आमच्या मुलीच्या दोन्ही प्रतींत बदल होते आणि ते वेगवेगळे होते. एक बदल जगभर ओळखला जाणारा आहे. पाचव्या एक्सॉनमध्ये ४२२व्या जागी जी या डीएनए-अक्षराऐवजी ए, आणि त्यामुळे विकरात १४१व्या स्थानी आर्जिनीन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन. दुसरा बदल दुर्मीळ होता आणि त्यासमोर "अर्थ अनिश्चित" असे लिहिले होते.

हे विकर काय करते ते सांगितल्याशिवाय अहवालाचे मूल्यमापन करता येणार नाही, आणि अहवालाने यासाठी खर्च केलेले दोन परिच्छेद खरोखर चांगले आहेत. पेशीत मॅनोज नावाची शर्करा असते. तिच्या सहाव्या कार्बनला फॉस्फेट जोडलेले असते, तेथून ते पहिल्या कार्बनवर नेण्याचे काम पीएमएम२चे विकर करते. वरवर पाहता हे एका खुंटीवरची पिशवी दुसऱ्या खुंटीवर अडकवण्याइतके क्षुल्लक आहे. पण मॅनोजचे हे दुसरे रूप तयार झाले तरच त्यापासून जीडीपी-मॅनोज बनते, आणि जीडीपी-मॅनोज असेल तरच आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावर चौदा शर्करांची शाखायुक्त साखळी पूर्ण होते. त्या चौदांपैकी नऊ मॅनोजच असतात. तयार साखळी एकसंध उचलून नव्याने बनत असलेल्या प्रथिनाच्या ॲस्परॅजीन या अमिनो आम्लावर बसवली जाते. मॅनोज कमी पडले की साखळ्या कमी तयार होतात, आणि मग काही प्रथिने साखळीशिवायच रक्तात उतरतात. रक्त गोठवणारी आणि गोठण्यावर नियंत्रण ठेवणारी प्रथिने, संप्रेरके वाहून नेणारी प्रथिने, पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही असे शरीरातले कितीतरी घटक या साखळ्यांवर अवलंबून असल्यामुळे आजाराची लक्षणे यकृतापासून डोळ्यापर्यंत विखुरलेली दिसतात, आणि आमच्याप्रमाणे अनेक कुटुंबे वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे वेगवेगळ्या तक्रारी घेऊन फिरत राहतात.

इतिहासाची एक ओळ अहवालात होती आणि ती अचूक आहे. बेल्जियममधील बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८०मध्ये दोन जुळ्या बहिणींमध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले, विकराची कमतरता १९९५मध्ये आणि जनुक १९९७मध्ये सापडले. मात्र याच अहवालाने आजाराचे नाव एका पानावर "पीएमएम२-सीडीजी" आणि दुसऱ्या पानावर "सीडीजी प्रकार १ए" असे दिले आहे. सीडीजी म्हणजे प्रथिनांना साखर जोडण्यातला जन्मजात दोष. पहिले नवे नाव आहे आणि दुसरे जुने, दोन्ही एकाच आजाराची. मला ते ठाऊक नव्हते आणि मुलीला दोन आजार आहेत या समजुतीत आमची एक रात्र गेली. अहवाल पाठवण्यापूर्वी कोणीतरी तो सलग वाचून काढला असता तर हे टळले असते.

अहवालानंतर ४० मिनिटांचे समुपदेशन शुल्कातच समाविष्ट होते आणि माझ्या मते या सेवेचा सर्वोत्तम भाग तोच आहे. समुपदेशिका मराठीत बोलल्या, घाई केली नाही, आणि माझ्या दोन अडचणीच्या प्रश्नांना त्यांनी नेमकी उत्तरे दिली. पहिला प्रश्न असा होता की पीएमएम२ची एक निष्क्रिय नक्कल अठराव्या गुणसूत्रावर आहे असे मी वाचले होते, तर वाचनात दोहोंची सरमिसळ झाली नसेल कशावरून? त्या म्हणाल्या की त्या नकलेत इंट्रॉन, म्हणजे एक्सॉनांच्या मधले तुकडे, नाहीत, त्यामुळे फेरपडताळणीच्या वेळी इंट्रॉनमध्ये बसणारे प्रायमर (वाचन जेथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) वापरले की फक्त खरे जनुकच वाचले जाते. दुसरा प्रश्न पत्नीचा होता. १४१व्या स्थानाचा बदल इतका सर्वज्ञात असेल तर दोन्ही प्रतींत तोच असलेली मुले का सापडत नाहीत? उत्तर ऐकून आम्ही दोघेही काही क्षण गप्प झालो. हा बदल दोन्ही प्रतींत असेल तर विकर जवळजवळ कामच करत नाही आणि असा गर्भ जगत नाही. उत्तर युरोपात हा बदल बाळगणारी माणसे बरीच आहेत, तरीही दोन्ही प्रतींत तो असलेला रुग्ण आढळत नाही. आमच्या मुलीचा दुसरा बदल सौम्य आहे, विकराचे थोडे काम त्याच्यामुळे चालते, आणि ती आमच्या मांडीवर आहे ती त्याच्याच जोरावर. अहवालाने मात्र याच दुसऱ्या बदलाला "अनिश्चित" ठरवले होते.

माझी मुख्य तक्रार येथे आहे. जनुकातील बदलांचे वर्गीकरण अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्र महाविद्यालयाच्या २०१५च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच पायऱ्यांत केले जाते आणि मधली पायरी "अनिश्चित" ही असते. त्या पायरीवर बदल ठेवणे चूक नाही, उलट पुराव्याशिवाय "रोगकारक" म्हणणे चूक ठरले असते. पण बदल वरच्या पायरीवर जाण्यासाठी काय लागते हे त्याच तत्त्वांत लिहिलेले आहे. दुसरा बदल ज्ञात रोगकारक बदलाच्या समोरच्या प्रतीवर आहे हे दिसले पाहिजे, म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून आला पाहिजे, आणि रुग्णाची लक्षणे व रक्ततपासणी त्या आजाराशी नेमकी जुळली पाहिजे. यातल्या पहिल्या गोष्टीसाठी आई-वडिलांची तपासणी लागते आणि दुसरीसाठी रक्तातल्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाची. अहवालाच्या आठव्या पानावर बारीक अक्षरांत "क्लिनिकल सहसंबंध सुचवला जातो" एवढे एकच वाक्य होते. कोणता सहसंबंध, कोणती तपासणी, कोठे, किती दिवसांत, यांपैकी काहीही नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते शोधता आले, पण माझ्या जागी एखादा शेतकरी किंवा रिक्षाचालक असता तर त्याच्या हाती "अनिश्चित" हा शब्दच उरला असता.

आई-वडिलांच्या तपासणीचे आणखी ६,००० रुपये भरावे लागले. आगाऊ माहितीपत्रकात हा खर्च कोठेही नव्हता. त्यातही एक घोटाळा झाला. आमच्या दोघांच्या नळ्यांवर पट्ट्या लावताना तंत्रज्ञाच्या हातून अदलाबदल होत असल्याची शंका मला तेव्हाच आली होती, आणि १४१व्या स्थानाचा बदल पत्नीकडून आल्याचा अहवाल आला तेव्हा मी प्रयोगशाळेला फोन करून फेरतपासणी मागितली. मुलीपुरता निष्कर्ष यामुळे बदलणार नव्हता, कारण कोणता बदल कोणाकडून आला तरी दोन बदल दोन वेगळ्या प्रतींवर आहेत हे खरेच राहते. पण धाकट्या पिढीत लग्ने व्हायची आहेत, आणि त्या ज्ञात बदलासाठी माझ्या भावंडांनी तपासणी करून घ्यायची की पत्नीच्या, हे त्यावर ठरणार होते. प्रयोगशाळेने वाद घातला नाही. नवीन नमुने विनाशुल्क घेतले, दहा दिवसांत दुरुस्त अहवाल दिला, चूक लेखी मान्य केली. बदल माझ्याकडचा निघाला. चूक झाली म्हणून मी अर्धा गुण कापला आणि ती ज्या रीतीने निस्तरली गेली त्यासाठी तो परत दिला.

ट्रान्सफेरिनची तपासणी या प्रयोगशाळेत होत नाही, त्यामुळे आम्ही ती दुसरीकडे केली आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन आहे. त्यावर शर्करा-साखळीच्या दोन जागा असतात आणि प्रत्येक साखळीच्या टोकांना सर्वसाधारणपणे दोन सायलिक आम्ले असतात, म्हणजे एकूण चार. एक साखळी बसलीच नाही तर दोन उरतात, दोन्ही बसल्या नाहीत तर शून्य. विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने ही रूपे वेगळी करता येतात, आणि पीएमएम२च्या आजारात चारवाले रूप कमी होऊन दोनवाले व शून्यवाले वाढलेले दिसते. गंमत अशी की दीर्घकाळ अति मद्यपान करणाऱ्यांतही या प्रथिनाची साखर कमी होते, त्यामुळे अनेक ठिकाणी ही तपासणी मद्यपानाचा सुगावा लावण्यासाठीच ठेवलेली असते. नमुना घेणाऱ्या मुलाने संगणकावरचा अर्ज भरता भरता विचारले, "रुग्ण रोज किती मद्यपान करतो?" मी मांडीवरच्या मुलीकडे पाहिले. तो ओशाळला आणि म्हणाला, "सर, हा रकाना रिकामा ठेवला तर सिस्टीम पुढे जात नाही." आम्ही शून्य लिहिले. अहवालात दोनवाले रूप ठळकपणे वाढलेले होते आणि तिच्या वयाच्या मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ एकच होता, कारण गॅलॅक्टोसेमिया आणि फ्रुक्टोज न सोसण्याचा आनुवंशिक विकार या, ट्रान्सफेरिनच्या तपासणीत फसगत करणाऱ्या दोन कारणांची शक्यता डॉक्टरांनी आधीच तपासून दूर केली होती.

माझ्या मते ही तपासणी आधी व्हायला हवी होती. तिचा खर्च एक्सोमच्या मानाने किरकोळ आहे. मात्र ती पूर्णपणे विश्वासार्ह नाही हेही नोंदवले पाहिजे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती फसवी ठरू शकते, आणि पीएमएम२चा आजार असलेल्या काही व्यक्तींमध्ये, विशेषतः वय वाढल्यावर, ट्रान्सफेरिन जवळजवळ सामान्य दिसू शकते. म्हणूनच जनुकाचे वाचन टाळता येत नाही. दोन्ही तपासण्या एकमेकींना आधार देतात, आणि हे सांगणारी दोन ओळींची टीप अहवालात असायला हवी होती.

अहवालाने गाळलेली दुसरी बाब अधिक गंभीर आहे. तिरळेपणासाठी शस्त्रक्रियेचा विचार चालू होता. पीएमएम२च्या आजारात रक्त गोठण्याचा घटक ११, अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी अशी प्रथिने कमी असू शकतात, त्यामुळे काही मुलांत रक्तस्राव तर काहींत गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि ताप किंवा संसर्गात पक्षाघातासारखे झटकेही येतात. शस्त्रक्रियेपूर्वी या घटकांची पातळी पाहणे आवश्यक असते. हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले, अहवालाने नाही. प्रयोगशाळेचे म्हणणे असे की उपचाराचा सल्ला देणे त्यांच्या कार्यक्षेत्रात येत नाही. ते मान्य करूनही, जनुकाचे नाव लिहिणाऱ्याने "शस्त्रक्रियेपूर्वी गोठण्याची तपासणी करा" एवढे लिहिणे हे सल्ल्यात मोडते की जबाबदारीत, हा प्रश्न मी त्यांना लेखी विचारला आहे.

उपचारांविषयी समुपदेशिकेने खोटी आशा दाखवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. आमच्या एका नातेवाइकांनी मॅनोजची पावडर ऑनलाइन मागवून आणली होती, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी ती सर्रास विकली जाते आणि "कमी आहे ते द्या" हा तर्क कोणालाही पटण्यासारखा आहे. समुपदेशिकेने कागदावर बाण काढून दाखवले. मॅनोज पेशीत गेले की त्याच्या सहाव्या कार्बनला फॉस्फेट जोडले जाते आणि नेमकी त्याच्या पुढची पायरी आमच्या मुलीत अडलेली आहे, त्यामुळे अडलेल्या दारासमोर गर्दी वाढवून उपयोग नाही. त्याआधीच्या पायरीत दोष असलेला, एमपीआय या दुसऱ्या जनुकाचा आजार मात्र मॅनोजने खरोखर सुधारतो. डबा परत गेला. पीएमएम२साठी अधिकृत मान्यता मिळालेले औषध आम्हाला उपचार सुरू करताना उपलब्ध नव्हते. जपानमध्ये १९९२पासून मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या विकारासाठी वापरले जाणारे आणि भारतातही मिळणारे एपालरेस्टॅट हे औषध या आजारात वापरून पाहिले जात आहे. स्पेनमधील डॉक्टरांनी ॲसिटॅझोलामाइड या औषधाने तोल सुधारल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध केले आहे. हे दोन्ही आमच्या डॉक्टरांच्या विचाराधीन आहेत आणि औषधाच्या दुकानात जाऊन स्वतः घ्यायचे हे विषय नाहीत, असे त्यांनी बजावले आहे. फिजिओथेरपी मात्र रोज चालू आहे.

एक कारण असे आहे की ज्यासाठी मी ही चाचणी पुन्हा केली असती, आणि याच प्रयोगशाळेकडून केली असती. पुढच्या प्रत्येक गर्भारपणात हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. ट्रान्सफेरिनच्या आधारे गर्भाची तपासणी करता येत नाही, कारण आजारी गर्भातही ते सामान्य दिसू शकते. येथे फक्त जनुकाचे वाचन कामाला येते, आणि तेही दोन्ही बदल निश्चित माहीत असतील तरच. "अनिश्चित" शेऱ्यावर कोणताही डॉक्टर गर्भाचे निदान करायला तयार होत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्याखाली अशा तपासणीला परवानगी आहे, तिची नोंद आणि लेखी संमती लागते, गर्भाचे लिंग सांगितले जात नाही. हे सर्व समुपदेशिकेने आम्ही न विचारता समजावले.

आई-वडिलांची तपासणी आणि ट्रान्सफेरिनचा आलेख पाठवल्यावर वर्गीकरण बदलण्याची विनंती मी ईमेलने केली. तीन आठवडे उत्तर आले नाही, आठवण करून दिल्यावर दोन दिवसांत आले. सुधारित अहवालात दुसरा बदल "बहुधा रोगकारक" झाला आहे आणि त्याचे निकष क्रमवार दिले आहेत. सुधारणेचे शुल्क घेतले नाही. मूळ डेटाही मागितल्यावर पेन ड्राइव्हवर मिळाला, मात्र तो मिळू शकतो हे कोणी आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. चाचणी करून घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आई-वडिलांची तपासणी शुल्कात आहे का, नवा पुरावा आल्यावर फेरवर्गीकरण किती दिवसांत होईल, आणि मूळ डेटा मिळेल का. आम्हाला मिळालेल्या सुधारित अहवालावरही आजाराचे नाव आठव्या पानावर अजून "सीडीजी प्रकार १ए" असेच आहे.